‘महत्त्वाचं कुणी विसरत नाही’ म्हणे!

मावशीनं आईला एक फॉरवर्ड पाठवला. तुम्हालाही आलाच असेल, ‘मेंदूची ७ गुपितं’ नावाचा, दर ओळीमागे मेंदूचे दोन इमोजी, खाली कुठल्यातरी बड्या विद्यापीठाचं नाव ठोकून दिलेलं आणि शेवटी ‘आपल्या माणसांना जरूर पाठवा’. मला वर्षभरात तीन-चारदा आलाय, दरवेळी न वाचताच पुढे सरकले. यावेळी वाचला, कारण आईनं तो वहीत उतरवून घेतलेला सापडला. नीट अक्षरात, सातही मुद्दे, आकड्यांसकट, आणि चौथ्या मुद्द्याखाली दोन रेघा.

चौथा मुद्दा असा: ‘माणूस महत्त्वाची गोष्ट कधीच विसरत नाही. विसरला, म्हणजे ती त्याच्या मनातच नव्हती.’

झालं होतं काय, तर मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि त्या दिवशी फोन करायचं आई विसरली. दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं. बाबा चार महिने अंथरुणावर आहेत, रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलावी लागते. मावशी दुखावली, ते मी समजू शकते, सख्खी बहीण आहे. पण मग भांडायचं ना सरळ. तसं नाही, वर स्वतःचं एक अक्षर न लिहिता हा फॉरवर्ड. आता आईला वाटतंय की एकतर तिची माया आटलीय, नाहीतर तिला सहाव्या मुद्द्यातला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, झालाय. वहीच्या पुढच्या पानांवर ती रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांचे वाढदिवस आठवून लिहिते आणि चुकलेल्यावर लाल फुली मारते. ती फुल्यांची पानं बघितली आणि माझं डोकंच फिरलं.

तर एकेक बघू. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाहीये, तेवढी काही त्यांची लायकी नाही.

पहिला. ‘मेंदू प्रत्येक क्षण रेकॉर्ड करतो, काहीही डिलीट होत नाही, संमोहनानं सगळं परत मिळतं.’ या समजुतीला हातभार लावणारे एक खरे आणि मोठे डॉक्टर होते, वाइल्डर पेनफिल्ड, मॉन्ट्रियलचे मेंदूचे सर्जन. फिट्सच्या पेशंटचं ऑपरेशन करताना पेशंट जागा असायचा आणि ते मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक विजेचा स्पर्श करून बघायचे. तेव्हा काही जणांना जुनं गाणं ऐकू यायचं, कुणाला ओळखीचा आवाज. पेनफिल्डना वाटलं, सापडली टेप. आता हे बघा, १९६३ साली त्यांनीच जे आकडे छापले त्यात कानशिलाकडच्या भागाला असा स्पर्श केलेले पेशंट होते ५२० आणि असं काही जाणवलेले ४०. बाकीच्यांची टेप कुठे गेली? आणि त्या ४० जणांना जे दिसलं-ऐकू आलं त्यातलं बरंचसं स्वप्नासारखं तुकड्या-तुकड्यांचं, ते खरंच तसं घडलं होतं की नाही हे ताडून बघायची सोयच नव्हती.

मुळात रेकॉर्ड करायला आधी ते आत जावं लागतं. तुम्ही रोज हाताळता ते कुठलंही नाणं न बघता कागदावर काढून बघा, कुठलं अक्षर कुठे, चित्र कुठे, चेहरा असेल तर तोंड कुठल्या बाजूला. मी काढलं, लाज वाटली. १९७९ साली निकरसन आणि ॲडम्स या दोघांनी अमेरिकेत लोकांना त्यांच्या एक सेंटच्या नाण्याबद्दल हेच करायला लावलं होतं आणि आयुष्यभर ते नाणं वापरणाऱ्यांचीही माझ्यासारखीच तऱ्हा झाली. हे विसरणं नाहीच, ते कधी आत गेलंच नव्हतं कारण नाणं ओळखायला तेवढ्या तपशिलाची गरज पडत नाही. संमोहनाचं म्हणाल तर त्यात लोक जास्त बोलतात आणि जास्त ठामपणे बोलतात, त्यातलं खरं-खोटं वेगळं काढता येत नाही. तोच तर धोका आहे.

एवढं मात्र कबूल करते, नाइलाजानं, की ‘विसरलो’ म्हणजे दरवेळी साफ पुसलं गेलं असं नसतं. नाव अगदी जिभेवर असतं आणि येत नाही, मग रात्री अंथरुणात पडल्यावर आपोआप येतं. आत होतं, हात पोचत नव्हता. पण यावरून ‘सगळंच आत आहे’ असं निघत नाही हो.

दुसरा, आपण मेंदूचा फक्त १० टक्केच वापर करतो. नाही. असं असतं तर मेंदूत कुठेही छोटासा झटका येऊन गेला तरी दहापैकी नऊ वेळा काही बिघडलं नसतं. ज्यांच्या घरात अर्धांगवायूचा पेशंट आहे त्यांना जाऊन सांगा हे. पुढे.

तिसरा, ‘शास्त्रज्ञ सांगतात, २४ तासांत माणूस ७० टक्के विसरतो.’ याच्यामागे निदान काहीतरी आहे. हर्मान एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस, १८८५ साली त्याचं पुस्तक आलं. त्यानं काय केलं, तर ज्याला काही अर्थच नाही अशी अक्षरं जुळवून त्यांच्या लांबच लांब याद्या पाठ केल्या, आणि पाठ करणारा एकच, तो स्वतः. मग ठरावीक वेळानं तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजलं. एका दिवसानं कष्ट साधारण एक तृतीयांश वाचत होते, त्याची उलटी वजाबाकी करून फॉरवर्डवाल्यांनी ‘७० टक्के विसरतो’ केलंय. एक तर ती निरर्थक अक्षरं होती, बहिणीशी झालेलं बोलणं नव्हतं. आणि खरी गंमत फॉरवर्डमध्ये नाहीच, ती ही की ३१ दिवसांनीसुद्धा जवळजवळ एक पंचमांश कष्ट वाचत होते. म्हणजे जे पार गेलं असं वाटतं त्याचाही काही अंश उरलेला असतो. २०१५ साली दोघा डच संशोधकांनी हा सगळा खटाटोप पुन्हा केला, त्यांचाही आलेख बराचसा तसाच आला. त्यामुळे या मुद्द्याला अर्धे मार्क.

आता चौथा. याच्यासाठीच बसलेय.

महत्त्वाचं कुणी विसरत नाही? ३० ऑक्टोबर १९३५, अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं एक नवंकोरं बॉम्बर विमान चाचणीसाठी उडालं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल, लष्कराचे मुरलेले वैमानिक. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून एक लॉक लावलेला असतो, उडण्याआधी तो काढायचा. तो काढायचाच राहिला. विमान वर चढलं, नाक वर करून चढतच राहिलं आणि कोसळलं. हिल गेले, बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर पण विमानात होते, तेही नंतर गेले. स्वतःच्या जिवापेक्षा महत्त्वाचं काय असतं, मावशी? त्यांच्या मनातच नव्हतं का जगायचं? लष्करानं यातून ‘या वैमानिकांना विमानाबद्दल आस्था नाही’ असा अर्थ काढला नाही. त्यांनी कागदावर यादी केली, उडण्याआधी एकेक गोष्ट वाचायची आणि खूण करायची, आणि तेव्हापासून वैमानिक चेकलिस्ट वाचतात. कितीही वर्षांचा अनुभव असो, अजूनही वाचतात.

हे फार गंभीर झालं म्हणत असाल तर यो-यो मा घ्या, जगातला मोठा चेलोवादक. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीतून उतरला आणि चेलो डिकीतच विसरून निघून गेला. कुठला चेलो, तर १७३३ साली व्हेनिसमध्ये बनलेला, किंमत २५ लाख डॉलर. दमलेला होता, घाईत होता. पोलिसांनी त्याच दिवशी शोधून दिला. त्या माणसाचं चेलोवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल?

हे कसं होतं ते कळलं की राग जरा कमी होतो म्हणून सांगते. लक्षात ठेवणं दोन प्रकारचं असतं. एक, मागे काय झालं ते आठवणं. तिथे बहुतेक वेळा कुणीतरी किंवा काहीतरी विचारतं, परीक्षेत पेपर विचारतो, फोटो बघितला की फोटो विचारतो. दुसरं, पुढे एखादी गोष्ट ठरल्या वेळी करायची आठवण होणं. इथे कुणीच विचारत नाही! गुरुवारी सकाळी दहा वाजता भिंतीतून आवाज येत नाही की बाई गं, आज बहिणीचं ऑपरेशन. दुसऱ्या कामातून मान वर काढून आपलं आपल्यालाच आठवावं लागतं, आणि हातात दुसरं काम असेल, रोजच्या सवयीचा रेटा असेल, तर ती मान वर निघतच नाही. माहिती डोक्यात असते हो. आईला त्या दिवशी कुणी विचारलं असतं की ‘ताईंचं ऑपरेशन कधी आहे’ तर तिनं कदाचित झटकन सांगितलं असतं. पण विचारलं कुणी?

कदाचित म्हणतेय, कारण मी तिच्या फोनचा कॉल लॉग बघितला. मावशीनं तारीख सांगितली तो कॉल रात्री ११ वाजून २० मिनिटांचा, १ मिनिट ५० सेकंदांचा. तेव्हा आई बाबांची चादर बदलत होती, फोन कान आणि खांद्याच्या मधे. त्या दोन मिनिटांत तारीख आत गेली असेल तरी काठावरच राहिली असणार. दिवसभरात जे हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूला कानशिलाच्या सरळ रेषेत असलेल्या भागात, तात्पुरतं टिपलं जातं ते पक्कं करायचं बरंचसं काम झोपेत होतं आणि चार महिन्यांत आईला सलग झोप मिळालेली नाही. यात मायेचा संबंध येतो कुठे? उलट, माया करण्यातच झोप गेलीय तिची, फक्त ती दुसऱ्या माणसासाठी.

हा भाग पार बिघडला तर काय होतं तेही माहीत आहे. हेन्री मोलेसन, २७ वर्षांचा, फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला. त्यानंतर नवीन कुणी भेटलं आणि खोलीबाहेर जाऊन परत आलं की त्याच्यासाठी ते पुन्हा नवीन. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तीन दिवसांत हात सफाईदार झाला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला दरवेळी नव्यानंच कळायचं. सुझान कॉर्किन यांनी त्याचा ४६ वर्षं अभ्यास केला, २००८ मध्ये तो जाईपर्यंत. तो सौम्य, हसतमुख, मदत करायला तयार असा माणूस होता. त्याच्या मनात कॉर्किन नव्हत्या असं म्हणायचं का मग?

अर्धं सत्य इथेही आहे, लपवत नाही. ज्यात भावना गुंतलेली असते, भीती वाटली, आनंद झाला, ते प्रसंग जास्त लक्षात राहतात हे खरंय. पण ते घडून गेलेल्या प्रसंगांबद्दल आहे, आणि वाक्य उलटं फिरवता येत नाही. ‘भावना होती म्हणून लक्षात राहिलं’ यातून ‘लक्षात राहिलं नाही म्हणजे भावनाच नव्हती’ हे निघत नाही. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, म्हणून अंगण कोरडं दिसलं की कधी पाऊसच पडला नाही असं आपण म्हणतो का? मधे ऊन पडून गेलं असेल.

पाचवा मुद्दा, ‘आठवण जितकी स्पष्ट तितकी खरी’. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते पुरेसं आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता. मग अडीच वर्षं थांबून त्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ७ पैकी मार्क दिले. ११ जणांना शून्य. निम्म्यांना २ किंवा त्याहून कमी. पैकीच्या पैकी फक्त तिघांना. आणि स्वतःबद्दलची खात्री? ५ पैकी सरासरी चारच्या वर! एकीनं आधी लिहिलं होतं की वर्गात बसलेली असताना लोक आत येऊन बोलायला लागले तेव्हा कळलं, अडीच वर्षांनी ती सांगत होती की रूममेटबरोबर होस्टेलच्या खोलीत टीव्ही बघत होते. नंतर या मुलांना त्यांच्याच हस्ताक्षरातले कागद दाखवले तरी जुनी आठवण काही परत आली नाही, त्यांना नवीच खरी वाटत राहिली. पहिल्या मुद्द्यातल्या टेपचाही निकाल इथेच लागतो, कारण टेप असती तर कागद बघून ती वाजायला हवी होती.

आठवण दरवेळी नव्यानं रचली जाते, हाताशी जे असेल त्यातून, आणि विचारणाऱ्याचा एक शब्दही त्यात मिसळतो. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवून ‘गाड्या किती वेगात होत्या’ या प्रश्नात फक्त टकरीचं क्रियापद बदललं होतं, ‘धडकल्या’ म्हटलेल्या गटातल्या ५० पैकी ७ जणांना आठवड्यानं फुटलेल्या काचा ‘आठवल्या’, ‘आदळून चेंदामेंदा झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलेल्या गटात १६ जणांना. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

मावशी अगदी शपथेवर सांगते की तिनं संध्याकाळी फोन केला होता आणि आई निवांत बोलत होती. कॉल लॉग काय सांगतो ते वर लिहिलंय. मावशी खोटं बोलत नाहीये, तिला तसंच आठवतंय. आणि माझंही ऐका, आई कान आणि खांद्यामधे फोन धरून चादर बदलत होती हे मला डोळ्यांसमोर दिसतं, दादाला तसं सांगितलं तर तो म्हणाला, तू त्या आठवड्यात तिथे नव्हतीसच, मी होतो, मीच तुला सांगितलं. तर घ्या.

सहावा. ‘विसरणं ही डिमेन्शियाची पहिली पायरी आहे, अशा माणसाला रोज प्रश्न विचारत राहा, चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करा.’ पहिल्या अर्ध्या भागात तथ्य आहे, विसरणं ही सुरुवात असू शकते आणि तेच ते पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, वर्षानुवर्षं केलेलं काम कसं करायचं तेच न सुचणं असं दिसलं तर डॉक्टरकडे जायलाच हवं. पण डॉक्टरकडे, फॉरवर्डकडे नाही. बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, नैराश्य असलं, झोप नसली, झोपेच्या किंवा काही ॲलर्जीच्या गोळ्या चालू असल्या तरी माणूस विसरतो, आणि यातलं पुष्कळसं सुधारता येतं. आईचं रक्त तपासलं, बी-१२ कमी निघालं, डॉक्टर म्हणाले इंजेक्शन घेऊ आणि रात्रीसाठी माणूस ठेवा. वाढदिवसांच्या वहीबद्दल त्यांनी काहीच म्हटलं नाही, नुसती पानं चाळली आणि मिटून माझ्याकडे दिली.

आणि ज्याला खरंच डिमेन्शिया आहे त्याची रोज तोंडी परीक्षा घेऊन त्याची स्मरणशक्ती परत येत नाही. तो फक्त घाबरतो. ‘सांग बरं मी कोण?’ हे विचारणं आधी बंद करा, त्यापेक्षा आपणच नाव सांगून शेजारी बसावं. गोंधळ नको म्हणून सांगते, विद्यार्थ्यांनी पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणं फायद्याचं असतं, त्यावर चांगले प्रयोग झालेत. तो उपाय उचलून फॉरवर्डनं आजारी माणसाच्या माथी मारलाय.

सातवा म्हणजे स्मरणशक्तीच्या गोळ्या, खाली त्यांची लिंक. गोळ्यांत काय, तर गिंगको, एका झाडाच्या पानांचा अर्क. ७५ आणि त्याहून जास्त वयाच्या ३,०६९ लोकांपैकी साधारण निम्म्यांना गिंगको आणि बाकीच्यांना औषध नसलेली खोटी गोळी सहा वर्षांच्या आसपास देऊन बघितलं, २००८ मध्ये निकाल छापून आला, डिमेन्शिया होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. लिंकवर क्लिक करू नका.

मावशी, हे फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी तुला पाठवतेय. तुझा राग तू आईला सरळ सांग, ती ऐकून घेईल, रडेल थोडी, पण त्या चौथ्या मुद्द्यापेक्षा ते बरं. वही माझ्याकडे आहे, तिला परत देणार नाही. आणि तुझ्या दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली की फोनवर सांगू नकोस, मला आणि दादाला मेसेज कर, आईच्या फोनवर अलार्म मी लावते. आदल्या दिवशी एक, आणि त्या दिवशी सकाळी एक.